आधी कोणाकडे जायचं? बदलत्या वॉर्डात नर्स प्राधान्य कसं ठरवते

तुझा प्रश्न मी असा समजले: परीक्षेत ‘श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण’ हा क्रम लावला की उत्तर बरोबर यायचं. आता ड्युटीवर चार पेशंट एकदम हाक मारतात, तासाभरापूर्वी बरा दिसणारा अचानक बिघडतो, आणि आधी तपासायचं, आधी काही करायचं की आधी डॉक्टरांना फोन करायचा, हेच सुचत नाही.

बावीस वर्षं मी सर्जिकल वॉर्ड आणि आयसीयूत काढली आहेत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मलाही हाच गोंधळ पडायचा. कारण मी स्वतःला चुकीचा प्रश्न विचारत होते, ‘सगळ्यांत जास्त आजारी कोण?’ वॉर्डात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कोण बदलतोय, कोणत्या दिशेने, किती वेगाने, आणि मी दहा मिनिटं उशिरा पोहोचले तर काय परत मिळवता येणार नाही? व्हेंटिलेटरवरचा पेशंट गंभीर असतो, पण सकाळपासून तो आहे तिथेच असेल, तर या क्षणी माझी गरज कदाचित दुसऱ्याला जास्त आहे.

परीक्षेतला क्रम खोटा नाही, पण तो एका पेशंटसमोर उभं राहिल्यावर वापरायचा आहे. शिवाय तो दगडावरची रेघही नाही. हृदय बंद पडलेल्या प्रौढासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० साली हाच क्रम उलटवून छातीवरचे दाब आधी आणले. जखमेतून रक्ताची धार लागली असेल तर आधी तिथे हाताने दाब द्यायचा, मग श्वासमार्ग. जे आधी जीव घेईल ते आधी थांबवायचं, एवढाच या क्रमाचा अर्थ आहे.

आता एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आण. पाच वाजलेत, तू नुकतीच ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटचा ताबा, घेतली आहेस. पहिल्या बेडवर सीओपीडीचे (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) एक वयस्कर गृहस्थ, नाकातल्या नळीने थोडा ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९०. दुसऱ्या बेडवर सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेला साठ किलोचा माणूस, ‘दुखतंय, झोपवत नाही’ म्हणून चुळबुळ करतोय. तिसऱ्या बेडवर मधुमेही बाई. त्यांना अर्ध्या तासापूर्वी जेवणाआधीचं जलद इन्सुलिन दिलंय, जेवण अजून आलेलं नाही, आणि त्या म्हणताहेत की घाम फुटलाय, हात थरथरताहेत. चौथ्या बेडचा पेशंट उद्या घरी जायचा आहे, पण त्याचे नातेवाईक कागदपत्रांवरून आवाज चढवून बोलताहेत.

नव्या सिस्टरची नजर आधी ९० या आकड्यावर जाते आणि कान चौथ्या बेडकडे. दोन्ही ठिकाणी आत्ता घाई नाही. सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या पेशंटचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं, म्हणजे गृहस्थ आहेत तिथेच ठीक आहेत. नातेवाईकांना जाता जाता नजरेला नजर देऊन सांगायचं, ‘एक पेशंट बघून अर्ध्या तासात तुमच्याकडे येते’, आणि खरंच जायचं. सांगून न गेलेल्या सिस्टरला लोक दुसऱ्यांदा जास्त जोरात हाक मारतात.

खरी ओढाताण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेडमध्ये आहे. इथे नुसती गंभीरता मोजून भागत नाही, उपायाला किती वेळ लागतो तेही बघावं लागतं. बाई शुद्धीवर आहेत, गिळू शकतात. ग्लुकोमीटर लावायला मिनिटही लागत नाही. शुगर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा काही सेकंदांत सुरू करता येणारा उपाय आहे. तो लांबला तर त्या बेशुद्ध पडू शकतात, मग तोंडाने काहीच देता येत नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं लागतं. सोबत दुसरी सिस्टर असेल तर हे काम तिच्याकडे सोपवून मी थेट दुसऱ्या बेडकडे जाईन. एकटी असेन तर आधी ग्लुकोज पाजेन आणि मग जाईन. दोन मिनिटांत एक मोठा धोका टळणार असेल तर तो टाळूनच पुढे जावं.

दुसऱ्या बेडबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सर्जिकल वॉर्डात घात होतो तो इथेच.

दुपारी दोनला त्याची नाडी ८८ आणि बीपी १२८/७४ होतं. आता नाडी ११२, बीपी ११६/८२, श्वास मिनिटाला २२, सॅच्युरेशन ९७, ताप नाही, नीट बोलतोय. गेल्या तासात लघवी २५ मिली. हे आकडे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज-२ तक्त्यात, म्हणजे पेशंट किती बिघडलाय हे गुणांनी मोजणाऱ्या तक्त्यात, घाल. श्वासाचे २ गुण, नाडीचे २, बाकी सगळीकडे शून्य. एकूण ४. तातडीने डॉक्टरांनी येऊन बघायची पायरी ५ गुणांवर आहे आणि ७ ला आणीबाणी. म्हणजे तक्त्याप्रमाणे हा ‘कमी जोखीम’ पेशंट. तक्ता वाईट नाही, मी तो रोज वापरते, पण तो या क्षणाचा फोटो काढतो. दुपारपासून पेशंट कुठून कुठे आला, ते नर्सला बघावं लागतं.

आणि इथली चाल स्पष्ट आहे. बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर दुपारी ५४ होतं, आता ३४ आहे. नाडीला वरच्या बीपीने भागलं तर दुपारी ०.७ च्या आत येत होतं, आता जवळजवळ १ आहे. धडधाकट माणसात हे उत्तर साधारण ०.५ ते ०.७ असतं, ०.९ च्या वर गेलं की मी बेडपासून हलत नाही. लघवी दर किलोला तासाला अर्धा मिली, म्हणजे त्याच्यासाठी ३० मिली तरी हवी. ती कमी झालीय. आणि तो चुळबुळ करतोय. शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी सावरून धरतंय, तोवर आपण ‘बीपी छान आहे’ म्हणत पुढे निघून जातो. साठ किलोच्या माणसात साधारण चार लिटर रक्त असतं. त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लिटरभराहून जास्त, जाईपर्यंत वरचं बीपी टिकून राहू शकतं. बीपी पडल्यावर जागी होणारी नर्स उशिरा जागी झालेली असते.

हे मी चुकून शिकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका पेशंटची नाडी ११६ होती. मला वाटलं दुखण्याने वाढलीय. ड्रेसिंग कोरडं होतं, ड्रेनमध्ये, म्हणजे आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, फारसं काही नव्हतं. लिहून दिलेलं वेदनाशामक दिलं आणि मी बाकीच्यांच्या औषधांना लागले. चाळीस मिनिटांनी परत आले तेव्हा तो पांढराफटक पडला होता, हात थंडगार, वरचं बीपी ८०. कुशीवर वळवलं तर पाठीखालची चादर भिजलेली. रक्त बाजूने ओघळून खाली गेलं होतं आणि ड्रेन गुठळीने बंद झाला होता. त्याला पुन्हा ऑपरेशनला नेलं आणि तो वाचला. पण ती चाळीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून ड्रेसिंग नुसतं वरून बघून मी कधी समाधान मानत नाही. हात पाठीखाली घालते, पोट कडक झालंय का बघते, ड्रेनची नळी मोकळी आहे का तपासते. वेदना आहे म्हणून वेदनाशामक द्यायला हरकत नाही, पण नाडी का वाढली याचं उत्तर वेदनेवर ढकलण्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री हवी. आणि पेशंट बीटाब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेत असेल तर नाडी वाढणारही नाही, तिथे हात थंड पडणं, लघवी कमी होणं आणि अस्वस्थता यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तर दुसऱ्या बेडवर तू हे सगळं बघितलंस, जाड सुईची शीर चालू आहे ना बघितलंस, पेशंटला आडवा ठेवलास, आणि फोन उचलणार तेवढ्यात पहिल्या बेडकडे नजर गेली. गृहस्थ शांत झोपलेत. सॅच्युरेशन ९६. कोणीतरी भल्या हेतूने ऑक्सिजन वाढवून ठेवलाय.

आकडा सुधारलाय आणि पेशंट बिघडलाय. हाक मारल्यावर ते डोळे उघडतात, एक शब्द बोलतात आणि पुन्हा झापड येते. ही झोप नाही, कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची गुंगी असू शकते. न्यूज-२ मध्ये अशा पेशंटसाठी सॅच्युरेशनची वेगळी पट्टी आहे. तिथे ऑक्सिजनवर असताना ९६ आलं तर त्याचे २ गुण लागतात, नुसत्या गुंगीचेच ३ गुण, आणि ऑक्सिजन चालू असल्याचे आणखी २. एक बोटही न हलवता शांत पडलेला हा माणूस थेट ७ वर, आणीबाणीच्या पायरीवर जाऊन बसलाय, आणि वॉर्डात सगळ्यांत कमी आवाज त्याचाच आहे. न ओरडणाऱ्या पेशंटची भीती बाळग, असं मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते.

म्हणून यादी तिथल्या तिथे पुन्हा मांडायची. त्यांना उठतं बसवायचं, श्वास मोजायचा, आणि ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९२ राहील इतका कमी करायचा. एकदम बंद करायचा नाही, कारण अचानक काढला तर सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळू शकतं. यात मिनिट-दीड मिनिट जातं. मग एकाच फोनमध्ये दोन्ही पेशंट सांगायचे. हाही प्राधान्याचाच भाग आहे, कारण दोन अस्थिर पेशंट आणि दोन हात हे गणित एकटीने सुटत नाही. मदत मागायला लाजू नकोस. इन्चार्ज सिस्टर, शेजारच्या वॉर्डची सिस्टर, जी जवळ असेल तिला हाक मार.

आता तुझा दुसरा प्रश्न: आधी तपासू की आधी करू? शिकवताना सांगतात की आधी मूल्यमापन. बहुतेक वेळा ते बरोबर आहे. मी स्वतःशी एवढंच विचारते, धोका ओळखायला पुरेसं मला आत्ताच दिसतंय का, आणि जे करणार आहे त्याने नुकसान होण्याची शक्यता थांबण्याच्या नुकसानापेक्षा कमी आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर हात आधी चालतात.

रक्त चढवताना पहिल्या पंधरा मिनिटांत पेशंट म्हणाला, ‘थंडी वाजतेय, कंबरेत दुखतंय’, तर थर्मामीटर शोधायला जायचं नाही. आधी रक्त बंद. मग त्याच सुईला नवी नळी लावून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची, बीपी आणि ताप बघायचा, पिशवीवरचं नाव-नंबर पेशंटशी पुन्हा ताडून बघायचं, डॉक्टर आणि रक्तपेढीला कळवायचं. पिशवी फेकायची नाही, ती रक्तपेढीला परत जाते. विनाकारण थांबवलं असं निघालं तर थोडा वेळ वाया गेला, पण चुकीच्या गटाचं रक्त असेल तर आत जाणारा प्रत्येक थेंब घातक आहे. इंजेक्शननंतर घसा आवळणं, घरघर, अंगावर गांधी आणि बीपी खाली, असं दिसलं की औषध बंद आणि प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. त्याला उभं करायचं नाही, चालवत न्यायचं नाही. आपल्या वॉर्डात डॉक्टर येण्याआधी नर्सने ॲड्रेनॅलिन द्यायचा लेखी आदेश आहे का, हे तू पहिल्याच आठवड्यात विचारून घे. त्या क्षणी विचारायला वेळ नसतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर मणका दुखावलेल्या पेशंटला अचानक डोकेदुखी, लाल चेहरा आणि घाम आला तर बीपीच्या पट्ट्याआधी त्याला ताठ बसव, मग कॅथेटरची नळी मुडपलीय का बघ. बाळंतपणानंतर रक्त वाहतंय आणि गर्भाशय मऊ लागतंय तर एक हात तिथे चोळत राहतो आणि तोंड मदतीला हाक मारतं. मूत्राशय भरलेलं आहे का, हे त्यानंतर लगेच.

उलट बाजूही तितकीच खरी. मॉनिटरवर सरळ रेघ दिसली तर आधी पेशंटकडे बघ. लीड (छातीवर चिकटवलेली वायर) निघालेली असते आणि पेशंट टीव्ही बघत असतो. सॅच्युरेशन अचानक ७८ दाखवतंय पण माणूस शांतपणे पूर्ण वाक्यं बोलतोय, तर बोट थंड आहे का, क्लिप नीट आहे का ते बघ. कुणाची जीभ अडखळायला लागली, एक हात लुळा पडला, तर पक्षाघाताचा कॉल द्यायचाच, पण हातासरशी शुगर बघ, कारण कमी शुगर हुबेहूब तसंच सोंग घेते. आणि तो शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून ठेव. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो हिशोब लक्षणं दिसल्यापासून नाही तर त्या शेवटच्या चांगल्या वेळेपासून होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नाही.

लवकर दिसणाऱ्या खुणांबद्दल थोडं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदय बंद पडलेल्या ६४ दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर ८४ टक्क्यांमध्ये आधीच्या आठ तासांत बिघाडाच्या खुणा किंवा नव्या तक्रारी लिहिलेल्या सापडल्या. म्हणजे खुणा दिसल्या होत्या, कागदावरही आल्या होत्या. या खुणांमध्ये सगळ्यांत दुर्लक्षित असतो तो श्वासाचा वेग. मॉनिटर बाकी सगळं देतो, म्हणून श्वासाच्या रकान्यात अंदाजाने २० लिहिलं जातं. पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता, नाडी धरल्यासारखं करून मोज. कालपर्यंत १६ असलेला श्वास आज २६ असेल तर सॅच्युरेशन कितीही छान दिसो, तो पेशंट माझ्या यादीत वर सरकतो. तसंच वयस्कर माणूस नव्याने बरळायला लागला, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. त्यांच्यात जंतुसंसर्ग अनेकदा तापाशिवाय येतो आणि पहिली खूण तीच असते. रोज त्यांच्यासोबत असणारी मुलगी म्हणते ‘आज बाबा वेगळे वाटतात’, तर ती नोंदही बीपीइतकीच खरी मान.

डॉक्टरांना कळवताना पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एसबीएआर (SBAR) पद्धत सगळ्यांना पाठ असते: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. पण फोनवर आपण पार्श्वभूमीपासून सुरुवात करतो आणि ऐकणारा मधेच हरवतो. धोका पहिल्या वाक्यात सांग. ‘सर, दोन नंबरच्या पेशंटला आतून रक्तस्राव होतोय अशी मला शंका आहे. सकाळी पोटाचं ऑपरेशन. दोन वाजता नाडी ८८ होती, आता ११२. बीपी ११६/८२, लघवी तासात २५ मिली, अस्वस्थ आहेत. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघावं. तोवर हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचचं (रक्त चढवण्याआधी जुळवून बघायचं) रक्त पाठवू का?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे ‘बरं, बघतो’ एवढ्यावर फोन संपत नाही. उत्तर मिळालं नाही आणि पेशंट आणखी घसरला, तर त्यांच्या वरच्यांना फोन कर. त्यात उद्धटपणा नाही. आणि फोनची वेळ लिहून ठेव.

बाकी कामांचं काय? सगळी औषधं सारख्या घाईची नसतात. सेप्टिक शॉकमधल्या (जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेल्या) पेशंटचं पहिलं अँटिबायोटिक तासाच्या आत जायला हवं, शक्यतो त्याआधी कल्चरचं (जंतू ओळखण्याच्या तपासणीचं) रक्त घेऊन, पण कल्चरसाठी औषध खोळंबवून नाही. पार्किन्सनच्या पेशंटची लेव्होडोपा वेळेवर नाही गेली तर तो आखडून जातो, गिळताही येत नाही. कॅल्शियमची गोळी, साधं ड्रेसिंग, बेडबाथ थांबू शकतं. दुसऱ्यावर काम सोपवताना स्थिर पेशंटचं ठरावीक काम सोपव. बदलणाऱ्या पेशंटला बघण्याचं काम स्वतःकडेच ठेव.

आणि उपाय केला म्हणजे पेशंट यादीतून गेला असं नाही. मॉर्फिनमुळे श्वास ६ वर गेला, नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) दिलं, दोन मिनिटांत तो उठून बोलायला लागला, की सगळे निवांत होतात. पण नॅलोक्सोनचा असर बऱ्याचदा अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मॉर्फिन त्याहून जास्त वेळ शरीरात असतं. तो पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, नेमका तू दुसऱ्या बेडवर असताना. म्हणून प्रत्येक उपायाबरोबर मी हातावरच्या कागदावर पुढची वेळ लिहिते. त्या संध्याकाळचा कागद असा दिसला असता: बेड ३, शुगर पुन्हा ५.२०, जेवण आलं का. बेड १, सॅच्युरेशन आणि शुद्ध दर पाच मिनिटांनी, एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवला का. बेड २, नाडी-बीपी दर पाच मिनिटांनी, पाठीखाली हात, डॉक्टर ५.२० पर्यंत आले नाहीत तर दुसरा फोन. बेड ४, नातेवाईकांना साडेपाचला भेटणे. साडेपाचला दोन नंबरचा पेशंट ऑपरेशन थिएटरकडे निघालेला असेल, तर त्या नातेवाईकांकडे कुणाला तरी निरोप घेऊन पाठव.